रत्नागिरी रस्त्यावरच्या माझ्या पाट्या

कोल्हापुरातून शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलात की कडेला अधूनमधून काळ्या दगडाच्या, पत्र्याच्या पाट्या दिसायच्या. 'येथे चौकी होती.' 'या वाटेने सैन्य उतरले.' 'प्राचीन वीरगळ.' गाडीतून जाणाऱ्याला त्या कधीच पुऱ्या वाचता आल्या नाहीत. पहिला शब्द लागेपर्यंत गाडी पुढे गेलेली असायची. आता रस्ता रुंद होतोय आणि त्या एकेक करून निघतायत. त्यांतल्या बऱ्याच पाट्या मी रंगवलेल्या. शिवाजी पेठेत माझं पाट्या रंगवायचं दुकान आहे. आमच्या तालमीच्या पोरांचा इतिहासाच्या नादाचा एक गट होता. मजकूर कुणी जाणता माणूस सांगायचा, अक्षर माझं असायचं.

मागल्या वर्षी पौषात गोठणवाडीच्या आक्कांचा फोन आला. गोठणवाडी म्हणजे बांबवडे सोडून मलकापूरकडे जाताना उसाच्या आड लपलेली थोडीशी घरं. आक्का सत्तरी ओलांडलेल्या.

"पेंटर, वळखलासा का? रस्तावालं दगूड हलवा म्हणाय लागल्यात. बाबाला आमी माघारी वाडीत नेतोय. तुमी या. नदीतली जागा तुमास्नीच ठावं हाय."

येतो म्हणालो आणि फोन ठेवला. मग बराच वेळ हातातला ब्रश टर्पेंटाइनमध्ये नुसता हलवत बसलो.

बाबा म्हणजे एक वीरगळ. गुरं पळवणाऱ्यांशी लढताना कुणी पडला की त्याच्या नावानं जुन्या काळी असा कोरीव दगड उभा करत. गोठणवाडीचा दगड शेताच्या बांधावर होता आणि वाडीनं पिढ्यानपिढ्या त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावला होता. घरात लग्न निघालं, गाय व्याली, पोरगं पलटणीत निघालं, की बोटभर शेंदूर. आत काय कोरलंय ते कुणालाच माहीत नव्हतं. बाहेरून तो भलंमोठं केशरी अंडं उभं केल्यासारखा दिसे. मागे एकदा रस्ता वाढला तेव्हा बांध जाणार होता. वाडीची परवानगी घेऊन आमच्या गटानं दगड हलवला, रस्त्याकडेला चौथरा बांधला. कोरीव काम लोकांना दिसावं म्हणून शेंदूर काढायचं काम माझ्याकडे आलं. जुना रंग खरवडल्याशिवाय नवा धरत नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. मी शेंदूर रंगातच जमा केला. पटाशी लावली आणि सबंध कवच एका झटक्यात सुटलं. चार बोटं जाड. कडेला कांद्यासारखे पापुद्रे.

देवानं कवच सोडलं की ते नदीला द्यायचं असतं. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. लहानपणी आमच्या पेठेतल्या मारुतीनं कवच सोडलं होतं. तेव्हा हलगी-घुमक्याच्या कडकडाटात ते पंचगंगेवर नेलं होतं आणि मी वडिलांच्या खांद्यावरून ते बघितलं होतं.

पण सकाळी पाहुणे यायचे होते, पाटीचा शेवटचा हात बाकी होता. मी कवच सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरलं आणि रस्त्याच्या कामाच्या मुरमाच्या ढिगावर टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी अनावरण झाल्यावर सगळ्यांदेखत आक्कांनी विचारलं, "कवच कुठं हाय?"

"नदीत सोडलं," मी म्हणालो.

"कुठं?"

"कडवीच्या पुलाखाली. उंबराजवळ."

खोटं बोलताना मला झाडसुद्धा सुचलं.

आता वाडीची रीत अशी, की बाबाला परत बसवताना पहिली आंघोळ घालायची ती कवच जिथं सोडलं तिथल्याच पाण्यानं. ती जागा दाखवायला मला बोलावणं होतं. आणि अशी जागा नव्हतीच.

पन्हाळा

एका दिवसाची वाट मी तीन दिवसांची केली. दिनकरला सांगितलं, पाट्या निघायच्या आधी सगळ्या एकदा बघून घेऊ. दिनकर माझा तालमीतला दोस्त, एकेकाळी पेठेच्या संघाचा गोलकीपर. आवाज अजून मैदानावरचाच. त्या गटात तोही होता, पण कवचाचं त्याला ठाऊक नव्हतं. मोटारसायकल त्याची, मागे मी, मांडीवर पिशवी.

उसाचे दिवस. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते. केर्लीच्या पुढे एका ट्रॉलीतून ओढलेली कांडकी दिनकरनं मला चघळायला दिली. वाघबिळाच्या वळणावर थांबलो. इथून पन्हाळ्याची वाट फुटते. माझी पाटी होती तिथं आता रसवंती आहे, आणि पाटी आडवी करून तिचं बाकडं केलंय. दोन कॉलेजची मुलं माझ्या अक्षरांवर बसून रस पीत होती.

दिनकर खूश झाला. "बघ गा, शेवटी कुणीतरी उपयोग केला तुझ्या पाटीचा!"

मुलांना उठा म्हणावंसं वाटलं नाही. रस मात्र चांगला होता, आलं-लिंबू घातलेला.

पन्हाळ्यावर मुक्काम केला. गडावर वारा एवढा की बोलणं तोंडातून काढावं आणि ते खालच्या तबक बागेकडं उडून जावं. एका घरगुती खानावळीत झुणका, भाकरी, खर्डा आणि मातीच्या गाडग्यातलं दही. गाडगं उलटं केलं तरी दही हलत नव्हतं. वाढणारी बाई म्हणाली, "पावणं, जेवताय का मापं काढताय? खावा की."

गडावर पाट्यांची कमी नाही. बुरूज, विहीर, कोठार, प्रत्येकाला पाटी आहे आणि प्रत्येक पाटीपुढं फोटो काढणारं कुणीतरी आहे. आमच्या पेठेतही तसंच. चौकातल्या फलकाला ओरखडा उठला तरी दोन मंडळं आमनेसामने येतात. पण गड उतरून रस्त्याला लागलं, की त्याच इतिहासाला कुणी वाली नसतो. मोठ्या माणसांच्या पाट्यांना हार असतात. नाव नसलेल्यांच्या पाट्यांचं बाकडं होतं. हे मला तिथं बसून सुचलं, पण त्याचा अर्थ मी स्वतःला लागू दिला नाही. दही संपवलं.

मलकापूर

दुसऱ्या दिवशी बांबवड्याच्या पुढे रस्ता ओळखू येईना. झाडं गेलेली, डोंगराची लाल कड उघडी पडलेली, यंत्रांची घरघर. माझ्या तीन पाट्या जागेवर नव्हत्या. एकीचा काँक्रीटचा पाया तेवढा उलटा पडला होता, दाढ उपटावी तसा. गोठणवाडीचा फाटा आला. चौथरा डाव्या हाताला अजून होता, दगडाभोवती घोंगडी गुंडाळलेली. मी दिनकरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "चल पुढं."

"आरं लेका, फाटा मागं गेला की!"

"मलकापूरला जेवू. उद्या येऊ."

मलकापूर कोकणाच्या तोंडाशी आहे, त्यामुळे आंबा घाट चढून आलेली मासळी आमच्याआधी त्यांच्या ताटात पडते. नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण मागवलं. आम्हाला तांबडा-पांढरा रस्सा म्हणजे जेवण. इथं कालवणात कोकम पडतं आणि तिखटाची धार मोडते. दिनकर तक्रार करत करत तीन भाकऱ्या खाऊन गेला.

जेवणाआधी बाजारात शेंदूर घेतला होता. दुकानदार लिंगायत म्हातारा, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. दिनकरनं शेंदूर मागितल्यावर त्यानं वर न बघताच विचारलं, "गाडीला का देवाला?"

"देवाला. नवं कवच चढवायचंय."

"जुनं कुठं सोडलंसा?"

दिनकरनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं. कडवीत."

"झ्याक केलंसा," म्हातारा म्हणाला आणि पुडी बांधताना वरून चिमूटभर जास्त घातला. "ही माझ्याकडनं. आमी इष्टलिंगवालं, पर नदीला दिलेलं सगळ्यांचंच असतंय."

ती चिमूट मला पेलवली नाही. जेवताना भाकरी मोडली आणि दिनकरला सगळं सांगून टाकलं. पोतं, मुरूम, उंबर. सांगायला वाटलं होतं त्याच्या मानानं फारच थोडा वेळ लागला.

दिनकरचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "वयनींला ठावं हाय?"

"नाही."

"मंग कुणालाच न्हाय. मंग बोलायचं कशाला? उंबर दाव, घागर भरू दे, मोकळा हो. पाणी ते पाणीच की. म्हातारीच्या जिवाला आता ह्या वयात घोर लावायचा?"

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, फार पटलं. त्यानं माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली होती.

गोठणवाडी

वाडीत पोचलो तेव्हा ट्रॅक्टर आलेला होता. बाबाला घोंगडीसकट ट्रॉलीत आडवं ठेवलं होतं, खाली उसाचा पाला. वाडीच्या तोंडाशी नवा कट्टा, त्याला चुना. माझी पाटी गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली होती आणि एक वासरू तिची कड चाटत होतं. अक्षर अजून शाबूत होतं: 'वीरगळ. अंदाजे बारावे शतक. अज्ञात वीर.'

सुनंदाताईंनी चहा आणला. या आक्कांच्या सूनबाई. पाटीकडं बघून त्या म्हणाल्या, "आक्का तवाच म्हणल्या हुत्या, अज्ञात कसा? सारी वाडी वळखती की त्याला."

"मग तेव्हा बोलल्या का नाहीत?"

"तुमी रंगीवलं हुतंसा न्हवं. चांगलं दिसत हुतं."

आक्का बाहेर आल्या. हिरवं लुगडं, हातात तांब्याची घागर, ती चिंचेनं घासून लखलखीत केलेली. "आलासा? चला. ऊन व्हायच्या आत."

आम्ही पाच-सहा जण नदीकडे निघालो. पुढे हलगीवाला, मग आक्का, मग मी, मागे सुनंदाताई आणि दिनकर. पायवाट उसातून जाते. चालता चालता आक्का बोलत होत्या. या भागातल्या बायाही 'मी जातो, मी येतो' असं बोलतात, ऐकायला बरं वाटतं.

"दर पौषाच्या अवसेला मी जातो उंबराखाली. इलासनं शेवटचा हात त्या कवचाला लावला हुता. सुट्टी सपवून निगाला तवा. मंग त्यो तिकडं बर्फात ऱ्हायला. घरी आला त्यो झाकलेलाच आला. मला त्येचा हात धराय मिळाला न्हाय. म्हणलं, हात नदीत तर हाय."

विलास म्हणजे त्यांचा पलटणीतला मुलगा, सुनंदाताईंचा नवरा.

उंबर लांबून दिसला. त्या दिवशी मी उंबर म्हणालो कारण पुलावरून जाताना तो दिसला होता, बास. आता त्याच्या बुंध्याशी तीन दगडांची मांडणी होती. मधल्या दगडावर तेल मुरून मुरून तो काळा कुळकुळीत झाला होता. शेजारी पणत्यांचा ढीग. उतारावर आक्कांना उतरता यावं म्हणून कुणीतरी पायऱ्या खणल्या होत्या आणि कडेला धरायला बांबू रोवला होता. माझ्या तोंडातून निघालेल्या एका शब्दाभोवती एवढं सगळं बांधलं गेलं होतं.

दिनकरनं माझा दंड दाबला. दाव, असं त्याचं म्हणणं होतं.

आक्कांनी घागर पुढं केली. "नेमकी कुठं ती जागा? काठाला, का आत?"

"आक्का," मी म्हणालो, "मी कवच नदीत सोडलं नाही."

हलगी थांबली. मी पुढचं सगळं सांगितलं, दिनकरला सांगितलं होतं त्याच क्रमानं. मध्येच मला 'पाहुणे यायचे होते' असं म्हणायचा मोह झाला आणि मी ते म्हणालोही. त्याची लाज वाक्य संपायच्या आत वाटली.

आक्का पहिल्या पायरीवर खाली बसल्या. रडल्या नाहीत. घागर मांडीवर घेऊन त्यांनी एकच विचारलं.

"त्या दिशी मी इचारलं तवा त्यो मुरमाचा ढीग तिथंच हुता का?"

हा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःलाही तो विचारू दिला नव्हता. ढीग होता. अनावरणानंतर मी त्यांच्याच अंगणात चहा घेतला, विलासच्या हाताचं तिथंच मला कळलं, आणि पोतं तिथून हाकेच्या अंतरावर पडलेलं होतं. उठून आणता आलं असतं. मी दुसरा कप घेतला आणि गाडीत बसलो. रोलर त्यानंतर आठवड्यानं फिरला.

"होता," मी म्हणालो.

सुनंदाताईंनी पदर तोंडावर धरला. मागून एक जण पुढं सरसावला. "ह्येला हितंच बुडीवतो," तो म्हणाला. आक्कांनी त्याला नुसता हात केला.

"मी हितं येऊन बोलत हुतो," त्या म्हणाल्या. "घरातलं सांगत हुतो त्येला. म्हस इकली ते, सुनंदीचा गुडघा, समदं. ते वाया गेलं आसं मी म्हणणार न्हाय. त्यो आसंल तिथनं ऐकत आसंल. पर मी बोलत हुतो तवा तुमास्नी म्हाईत हुतं, हितं कोण न्हाय म्हणून."

"हो."

"उठा. मुरूम कुठं पडलाय ते तर दावता न्हवं?"

चौथऱ्याच्या पुढे, मलकापूरकडे तोंड केलं की डाव्या हाताची साईडपट्टी. ती अजून खणलेली नव्हती. डांबराच्या कडेला दबलेला लाल मुरूम, त्यावर टायरांच्या खुणा. आम्ही पोचलो तेव्हा ट्रक जात होते, मोटारी जात होत्या, एसटी जात होती. आक्कांनी रस्त्याच्या कडेला चप्पल काढली. मग सुनंदाताईंनी. मग हलगीवाल्यानं. दिनकर बूट काढायला खाली वाकला तेव्हा मला कळलं की माझ्या पायात अजून चपला आहेत.

"म्या न्हाय उचलायची माती," आक्का म्हणाल्या. "ज्यानं टाकलं त्यानं उचलायची."

मी बसलो. मुरूम रोलरनं घट्ट झालेला, नखं लावून निघेना. पटाशी पिशवीत होती. पेंटरच्या पिशवीत ती असतेच. ती काढली नाही. दगडाच्या कपचीनं खरवडून ओंजळभर निघाला. केशरी रंगाचा एखादा कण दिसेल म्हणून मी बघत होतो. सगळा मुरूम लालच असतो. काही कळलं नाही. ओंजळ घागरीत टाकली. आक्कांनी सांगितलं, "पाणी वाडीच्या हिरीचं. नदीचं नको."

घागर वाडीच्या विहिरीवर भरून माझ्याच खांद्यावर देऊन कट्ट्यापर्यंत चालवलं. पाणी अंगावर सांडून शर्ट गढूळ झाला. बाबाची घोंगडी सोडली. खालच्या चौकटीत गाय, तिच्यापुढं ढाल-तलवारीचा माणूस. वर त्याला उचलून नेणाऱ्या दोन बाया. सर्वांत वर महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला तोच. कडेला चंद्र-सूर्य. लाल पाणी त्याच्या तोंडावरून ओघळलं तेव्हा हलगी परत सुरू झाली.

मग शेंदूर. मलकापूरच्या म्हाताऱ्याची पुडी तेलात कालवली. लेकुरवाळ्या, म्हातारे, शाळेतली पोरं, एकेक जण येऊन बोटानं लावून गेला. गाय दिसेनाशी झाली, तलवार बुजली. दिनकरनंही लावला. सुनंदाताईंनी वाटी माझ्यापुढं धरली.

"ह्येंचं ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या. रागानं नाही. पाहुण्याला आणखी भात नको म्हणून सांगावं तसं.

सुनंदाताईंनी वाटी पुढं नेली.

निघताना मी विचारलं, नवी पाटी करून देऊ का? पैसे नकोत. आक्कांनी गोठ्यातल्या पाटीकडं बघितलं. "नको. पाटी लावली की माणसं पाटी वाचत्यात आन् म्होरं जात्यात. न्हाय लावली तर इचारत्यात तरी." मग दाराच्या चौकटीला हात टेकून म्हणाल्या, "आन् आता नदीवर मी जात न्हाय. माझी पाळी सपली. म्होरल्या पौषापासनं अवसेला तुमी जायाचं. दिवा लावायचा. तुमीच सांगितली हुती न्हवं ती जागा?"

परतीच्या वाटेवर दिनकरनं शिवाजी पुलापर्यंत गाडी कुठंच थांबवली नाही. पुलापाशी आल्यावर एवढंच म्हणाला, "माझं ऐकलं आसतंस तर बरं झालं आसतं." थोड्या वेळानं म्हणाला, "झालं आसतं का न्हाय, कोण जाणे." घरी पोचल्यावर बायकोला सांगितलं. ती शर्ट भिजत घालत होती. तिनं शर्ट पाण्यातून परत बाहेर काढून दोरीवर तसाच टाकला.

कडवी

यंदाच्या पौषात अमावास्येला एकटाच गेलो, एसटीनं. फाट्यावर चौथरा नाही, पाटी नाही, चार पदरांपैकी दोन काळेभोर होऊन वाहतायत. साईडपट्टी कुठं होती ते मला आता सांगता येणार नाही. पायवाटेनं उंबरापाशी उतरलो. बांबूला धरलं. तीन दगड तसेच होते. पणती लावली, वारा होता, दोनदा विझली. आक्का इथं बसून बोलत असत. मी पणतीला हाताचा आडोसा धरून बसलो.

बैल पाण्यावर आणलेला एक माणूस बाजूला उभा होता, ऊसतोडीवरचा असावा. तो बराच वेळ बघत होता.

"पावणं, म्हातारी याची की हितं. तुमी तिचं कोण?"

"कुणी नाही."

"हितं काय सोडलंया वो?"

"काही नाही. इथं काहीच सोडलेलं नाही."

"मंग दिवा कशाला?"

मी त्याला सांगायला लागलो. पहिल्यापासून, मारुतीच्या कवचापासून. त्याच्या बैलांचं पाणी पिऊन झालं, तरी तो उभा होता.